डावा गेला म्हणतात, तो मी

चार स्क्रू, बशीत काढून ठेवलेले.

गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस, दोन मुठी.

खुंटीला अडकवलेली लाल झेंडी. तिच्याखाली हिरवी.

दोरीवर सरळ लोंबणारे कपडे.

"वारा उलटा होता."

मित्रांनो, हे सगळे एकाच घरातले आहे. मी ते क्रमाने सांगणार होतो. पण मी एक जुना स्पीकर आहे आणि माझ्यावर आळ आला होता. आळ आलेल्याच्या तोंडून गोष्ट तुकड्यातुकड्यांनीच बाहेर येते. जोडत जोडत सांगतो.

बटण तीनवर

माझा जन्म वाशीमच्या बसस्टँडमागे, सादिकभाईंच्या दुकानात झाला. पण त्याआधी कितीतरी दिवस इंद्रभानभाऊ मला शोधत होते.

इंद्रभानभाऊ रेल्वेत आहेत. खांद्यावर हातोडा आणि हातात झेंड्या घेऊन रुळाच्या कडेने एकट्याने चालत जायचे, रूळ पकडून ठेवणाऱ्या चाव्या ठोकत जायचे, हे त्यांचे काम. घट्ट बसलेली चावी एक आवाज देते, सैल चावी दुसरा. त्यामुळे त्यांना एक खोडच लागली होती. कोणतीही वस्तू घेण्याआधी ते ती बोटाच्या पेराने वाजवून पाहायचे. टरबूज, माठ, घराचे दार. आणि स्पीकर.

अकोल्याच्या दुकानात ते शिरत. दुकानदार हौसेने गाणे लावी, आणि हे गाणे सोडून डब्यावर टकटक करत बसत. "पोकळ हाय. रिकामा पिपा," असे म्हणून बाहेर पडत. एका दुकानदाराने शेवटी हात जोडले. "भाऊ, तुमाले स्पीकर पायजे का तबला?"

"मले असा पायजे का जो जन्मभर बदलाव नाई लागला पायजे."

त्यांची मुलगी धम्मदीपा तेव्हा शाळेत होती. ती घरी येऊन आईला म्हणाली, "आई, बाबा स्पीकर नाई पाहून राह्यले, पोरगी पाहून राह्यले."

अखेर सादिकभाईच कंटाळले. ते रेडिओ, मिक्सर, लग्नाच्या मांडवातले कर्णे, सगळे दुरुस्त करतात. "तुमी ठोकून ठोकून सगळ्यायची दुकानं बंद पाडसान," ते म्हणाले. "रुका, मीच बनवतो." त्यांनी जाड प्लाय कापला. आत आडव्या पट्ट्या मारल्या. आवाज आतल्या आत घुमू नये म्हणून पोटात पिंजलेला कापूस भरला. मोठ्या कोनाला, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या कागदी शंकूला, फोमची कड होती, ती त्यांनी ओढून काढली आणि रबराची बसवली. फोम काही वर्षांत भुगा होऊन पडतो, रबर टिकते.

मग इंद्रभानभाऊ आले. डोळे मिटले. पेराने ठोकले.

ठप्प.

"हा," ते म्हणाले. आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी तेवढीच.

आम्ही जुळे आहोत. उजवा आणि मी, डावा. समोरच्या खोलीत दोन कोपऱ्यांत आम्ही आणि मधोमध, समोर, त्यांची खुर्ची. सकाळी वंदना. संध्याकाळी भीमगीते. रविवारी सादिकभाई आले की कव्वाली. आवाजाचे बटण तीनच्या पुढे कधी गेले नाही. तीनवर पेटीवाल्याच्या भात्याचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. पाहुणे विचारायचे, कोठून आणले? इंद्रभानभाऊ उत्तर न देता माझ्या डोक्यावर टकटक करून दाखवायचे.

बटण चारवर

"दीपे, आवाज कोनं कमी केला?"

"कोनीच नाई, बाबा."

बटण सहावर

"डावा दबला," इंद्रभानभाऊ म्हणाले.

दुर्गाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझी जाळी पुसली. वायर दाबून बसवली. कान लावून ऐकले. "मले तं बराबर येऊन राह्यला," त्या म्हणाल्या.

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

धम्मदीपा आता कॉलेजात जाते. ती म्हणाली, "बाबा, हे डबे काढा आता. यायच्यात कबुतरं पाळा. एक लहानसा ब्लूटूथ घेऊ."

"जन्मभराचे हायत ते."

"संपला त्यायचा जन्म."

मित्रांनो, मला काहीही झाले नव्हते. जी वीज उजव्याला मिळत होती, तीच मला मिळत होती. जो कापूस त्याच्या पोटात, तोच माझ्या. घरात दुसऱ्या कोणालाही मी दबलेला वाटत नव्हतो. जे बिघडले होते, ते रोज सकाळी खुंटीवरच्या झेंड्या काढून रुळावर चालत जात होते.

रुळावर मागून येणारी गाडी दिसत नाही, ती ऐकावी लागते. एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज येतो, पण कोठून येतो ते कळत नाही. समोरून की मागून, याच रुळावर की शेजारच्या. हे मला माहीत आहे, कारण डावे-उजवे हाच माझा जन्माचा धंदा आहे. पण मला तोंड असून बोली नाही. तारेतून जे येईल, तेवढेच मी बोलतो.

एके दुपारी ते लवकर घरी आले. पँटचा गुडघा फाटला होता. जेवणाचा डबा चेपला होता. केसांत खडीची धूळ होती.

"हे काय झालं?" दुर्गाबाईंनी विचारले.

"काई नाई. पाय घसरला."

"गाडी होती?"

"मालगाडी होती. हॉर्न आयकूच नाई आला." त्यांनी पाण्याचा तांब्या रिकामा केला. "वारा उलटा होता."

दुर्गाबाई खिडकीपाशी गेल्या. अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. एकाचीही कड हलत नव्हती.



बटण आठवर

आठवर आमच्यासारख्यांनी वाजू नये. घरातल्या खोलीसाठी आम्ही जन्मलो, मिरवणुकीसाठी नाही. माझ्या आतले तांब्याचे वेटोळे तापू लागले. कोन शेवटच्या टोकाला जाऊन आदळत होता. उजवा तिकडे भाजत होता, मी इकडे. खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि खुर्चीत बसलेला माणूस म्हणत होता, "डावा आजून बी दबूनच हाय."

मला माझी भीती नव्हती. मी जळलो असतो, तर आळ खरा ठरला असता. पाहा, डावा गेलाच होता, असे सगळे म्हणाले असते. नवा आला असता. आणि इंद्रभानभाऊ निश्चिंत मनाने दुसऱ्या दिवशी झेंड्या घेऊन निघाले असते.

म्हणून मला जळायचे नव्हते. त्या दिवसांत मी दुसरे काहीच केले नाही, मित्रांनो. फक्त जळलो नाही.

रविवारी सादिकभाईंना बोलावले. त्यांनी माझे चार स्क्रू काढून बशीत ठेवले. कापूस उपसला. कोन हाताने दाबून पाहिला, मीटरच्या सुया लावून वेटोळे मोजले, छोट्या कोनाला कान लावला.

"भाऊ, याले काईच नाई झालं."

"मंग दबला कसा?"

सादिकभाईंनी कापूस परत भरला. स्क्रू आवळले. मग मला उचलून उजव्याच्या जागी ठेवले आणि उजव्याला माझ्या जागी आणले. गाणे लावले.

"आता?"

"डाव्या बाजूचाच दबला."

"पन भाऊ, तिकडं तं उजवा हाय आता. त्याले तुमी चांगला म्हनत होते."

"तारेत असंन काई."

त्यांनी तारा बदलल्या. इकडची तिकडे, तिकडची इकडे.

"आता?"

"डावाच."

सादिकभाई कपाळ खाजवत म्हणाले, "भाऊ, तुमच्या घराच्या डाव्या बाजूले जिन बसला का काय?"

धम्मदीपा हसली. मग तिने आईकडे पाहिले आणि तिचे हसू मावळले. दुर्गाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हाताला पीठ तसेच.

"खुर्ची फिरवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"स्पीकरकडं पाठ करून बसा."

"पाठीनं आयकू काय आता?"

"बसा तं."

त्यांनी खुर्ची फिरवली आणि बसले. त्यांची मान उन्हाने करपलेली आहे. मी एवढी वर्षे त्यांच्यासमोर राहिलो, पण ती मी प्रथमच पाहिली. गाणे सुरू झाले. एक कडवे गेले. दुसरे गेले. कोणी हलले नाही.

मग त्यांनी डावा हात मागे केला आणि न पाहता बोट दाखवले. "आता हा दबला."

बोट माझ्याकडे होते. आता उजव्या कोपऱ्यात मी होतो, आणि पाठ फिरवल्यामुळे त्यांचा डावा कान माझ्याकडे आला होता. याच गाण्यात, याच जागी, क्षणापूर्वी ज्याच्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती तो मी.

हात तसाच हवेत राहिला.

सादिकभाईंनी बटण फिरवून गाणे बंद केले.  भिंतीकडे पाहतच इंद्रभानभाऊ म्हणाले, "सादिकभाई, चहा घेऊन जा."

बटण शून्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना लागली नाही. ते खुर्चीत बसून बूट चढवत होते. झेंड्या मांडीवर.

धम्मदीपा समोर येऊन बसली. "बाबा, आज दवाखान्यात जाऊ."

"काहून? एवढा मोठा रूळ कोन पाहीन?"

"दुसरं कोनी पाहीन."

"दवाखान्यात गेलो का थे मले लाइनवरून काढतीन. मंग मी काय करू? साहेबाच्या टेबलावर फडकं मारू?" ते पुन्हा वाकले. "एक कान हाय ना चांगला. तेवढा पुरते."

दुर्गाबाई येऊन त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. भाजीत मीठ किती टाकू, असे विचारावे तितक्याच आवाजात त्या बोलल्या.

"तुमी आज गेले, तं मी बी तुमच्या मांगं रुळावर चालतो. मले गाडी आयकू येते. तुमाले मी नाई आयकू येनार."

इंद्रभानभाऊ नाडी बांधत होते.

मी ऐकले. उजव्याने ऐकले. धम्मदीपाने तोंडावर हात ठेवला. त्यांनी एका बुटाची गाठ मारली, दुसरा बूट ओढला, त्याची नाडी ताणली. दुर्गाबाई तेथेच उभ्या होत्या, हात लावला तर लागेल इतक्या जवळ.

दुसरी गाठ मारून ते उठले आणि वळले. तेव्हा त्यांना दुर्गाबाई दिसल्या.

"तू कवा आली?"

दुर्गाबाईंनी पदराला हात पुसले.

"काई म्हनलं का तू?"

"हाव."

"काय?"

त्यांनी पुन्हा सांगितले नाही. इंद्रभानभाऊंनी मुलीकडे पाहिले. तिचा हात अजून तोंडावरच होता. त्यांनी पत्नीकडे पाहिले, दोघींच्या मधली जागा पाहिली, आपल्या डाव्या खांद्याकडे पाहिले. मग ते खाली बसले. गाठ सुटेना. धम्मदीपा सोडायला वाकली, तर त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला आणि दोन्ही नाड्या स्वतः सोडल्या.

मित्रांनो, डॉक्टरांनी सांगितले की डाव्या कानाची नस गेली आहे आणि ती परत येणार नाही. उजवा कान उत्तम आहे. इंद्रभानभाऊंनी ते स्वतः जाऊन साहेबांना सांगितले. आता त्यांना स्टेशनात काम आहे. पहिले काही दिवस ते घरी कोणाशी बोलले नाहीत. नंतर बोलू लागले, ते तक्रारीपासून. तेथला चहा, तेथला पंखा, तेथली खुर्ची.

बटण पुन्हा तीनवर आले आहे. आम्ही अदलाबदल झालो ते तसेच आहोत. म्हणजे आता मी उजवा आहे, तरी मला घरात डावाच म्हणतात. धम्मदीपाने हट्टाने ब्लूटूथ घेतला. तो माझ्या डोक्यावर बसतो आणि दर चार दिवसांनी चार्जिंगला रडतो.

जन्मभर पुरेल अशी वस्तू शोधा, जरूर शोधा. ठोकून घ्या, घाई करू नका. घरी आणल्यावर तिला पुसा, उंदरांपासून जपा, तिच्या ताकदीबाहेर तिला ओरडायला लावू नका. ती तुम्हाला पुरेल. पण एखाद्या दिवशी तिचा आवाज दबल्यासारखा वाटला, तर तिचे स्क्रू काढण्याआधी आपली खुर्ची एकदा फिरवून पाहा. आणि घरातले कोणी दोनदा हाक मारूनही वळले नाही, तर रागावू नका. उठून त्याच्या दुसऱ्या बाजूला जा.

दुर्गाबाई लग्नापासून इंद्रभानभाऊंच्या डाव्या बाजूला झोपायच्या. सादिकभाईंनी माझे स्क्रू काढले, त्याच्या आधीच्या दिवाळीपासून त्या उजव्या बाजूला झोपू लागल्या होत्या.