रॉकेलवरचं जेट

रामकिसन परळीच्या औष्णिक वीज केंद्रात टर्बाइन विभागात होते. सगळी नोकरी त्या घरघरीत गेली, त्यामुळे घरी जेवतानाही ते ओरडल्यासारखं बोलत. निवृत्त झाल्यावर त्यांनी रिमोटवर उडणारी, बॅटरीवरची फोमची विमानं करायला घेतली. उडवायची, पाडायची, चिकटवून पुन्हा उडवायची. त्यांच्या बायकोला, वत्सलाबाईंना, वाटलं, चला, माणूस रमला.

मग वत्सलाबाईंबरोबर गेलेल्या हैदराबादच्या एका मेळाव्यात त्यांनी खरं टर्बाइन बसवलेलं मॉडेल जेट पाहिलं. इंजिन केवढं, तर पाण्याच्या तांब्याएवढं. आतलं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, असं तिथं कळलं. रामकिसनांच्या टर्बाइनचे फेरे तीन हजार. परतीच्या गाडीत ते बोटानं हवेत चाक फिरवत बसले होते.

"काय झालं?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"आमचं टर्बाइन वाफेवर. जाळ लांब, बॉयलरमधी. ह्याचा जाळ ह्याच्या पोटातच हाय. मग ते वितळत कावून न्हाई?"

ते जेट उडवणारी सत्यशीला मूळची त्यांच्याच जिल्ह्यातल्या लिंबागणेशची निघाली होती. विमानाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीला, दिवाळीला गावी येणारी. रामकिसनांनी तिला तिथंच गाठलं होतं आणि ती शिकवायला तयारही झाली होती. फक्त तिनं दोन गोष्टी सांगितल्या. "काका, आधी माझ्या जेटवर शिका. स्वतःचं घ्यायची घाई करू नका. आणि आग विझवायला एक माणूस कायम शेजारी पाहिजे."

"माणूस हाय," म्हणत रामकिसनांनी बायकोकडे पाहिलं.

दिवाळीत सत्यशीला परळीला आली. गावाबाहेर एका प्लॉटिंगमध्ये लांब, सरळ डांबरी रस्ता होता, घर मात्र एकही उभं राहिलं नव्हतं. मालकानं हसत हसत परवानगी दिली. सकाळीच तिघं तिथं पोचले. जेट माणसाच्या उंचीएवढं लांब, आणि शिकवण्यासाठीचं असल्यामुळे इंजिन पाठीवर उघडंच. सत्यशीलानं रॉकेलमध्ये थोडं टर्बाइनचं तेल मिसळून ते गाळून टाकीत भरलं. वत्सलाबाईंच्या हातात कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं दिलं.

"काकू, जाळ मागून निघाला तर पाठीमागं पळायचं न्हाई. पुढून, इंजिनाच्या तोंडात मारायचं."

रामकिसनांनी रिमोटवर इंजिन सुरू करायची खूण दिली. छोटी मोटर कुईंऽऽ करत चाक फिरवू लागली. फुस्स असा आवाज झाला आणि सगळं बंद पडलं.

"पेटलं न्हाई. बॅटरी उतरली असंल," सत्यशीला म्हणाली. "मी दुसरी आणते. तवर हात लावू नका." ती गाडीकडे गेली.

रामकिसन वाट बघत राहिले. हातात रिमोट, समोर इंजिन. एकदा करून बघू, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी पुन्हा खूण दिली. मघाचं न पेटलेलं रॉकेल इंजिनाच्या तळाशी साचलेलं होतं. भप्पकन आवाज झाला आणि मागून हातभर पिवळा जाळ बाहेर आला. रामकिसन जागीच थिजले. वत्सलाबाई मात्र नळकांडं घेऊन पुढच्या बाजूला धावल्या आणि त्यांनी इंजिनाच्या तोंडात फवारा मारला. पांढरा धूर उठला. जाळ गेला.

सत्यशीला पळत आली. तिनं आधी रिमोट घेऊन इंजिन बंद केलं, मग जेटचं नाक वर उचललं. मागून रॉकेल ठिबकलं. शेपटीवरचा रंग फुगून आला होता.

"माझं चुकलं," रामकिसन हळू आवाजात म्हणाले. इतक्या हळू बोललेलं वत्सलाबाईंनी प्रथमच ऐकलं.

"साचलेलं काढल्याशिवाय दुसऱ्यांदा पेटवायचं न्हाई," सत्यशीला म्हणाली. "शेपूट मी रंगवीन. काकू, तुमी लई बरोबर केलं."

मग तिनं गाडीतून जुन्या इंजिनाची पत्र्याची नळी काढून आणली. तिला बारीक बारीक भोकं होती. "सकाळी विचारलेला तुमचा प्रश्न, काका, हे वितळत का न्हाई. जाळ ह्या नळीच्या मधोमध राहतो. भोकांतून गार हवा आत येती अन् जाळाला पत्र्यापासून लांब ठेवती. हवा लई जास्ती घेतो आपण, जळायला लागती त्याच्या कितीतरी पट."

रामकिसनांनी नळी फिरवून फिरवून पाहिली. वत्सलाबाईंनी ती उन्हाकडे धरून आत डोळा लावला. "अन् एवढा वारा असून जाळ विझत न्हाई?"

"भोकांपाशी वारा गरगर फिरतो, तिथं तो मंद असतो. जाळ तिथंच दबा धरून बसतो."

दुसऱ्या दिवशी इंजिन पहिल्याच खुणेला पेटलं. कुईंऽऽ चढत चढत शिट्टीसारखं झालं, रॉकेलचा वास पसरला. सत्यशीलानं रामकिसनांना रिमोटवरचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायची कांडी, पुढं ढकलायला लावला. काहीच झालं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तेवढ्यात इंजिन एकदम गर्जलं.

"हेच शिकायचंय," ती म्हणाली. "बॅटरीचं विमान लगेच ऐकतं. हे थांबून ऐकतं. तवर विमान खाली आलेलं असतं."

जमिनीवर ते तिनं पुन्हा पुन्हा करून घेतलं. मग दोन रिमोट एकमेकांना जोडले. वेळ पडली तर तिच्या रिमोटनं ताबा घेता येणार होता. जेट रस्त्यावरून सुटलं ते बघता बघता वीज केंद्राच्या राखेच्या टेकाडापर्यंत वर गेलं. रामकिसनांच्या तोंडून नुसतं "अरे, अरे" निघत होतं. वळणं त्यांना जमली. उतरताना मात्र वेग फार कमी झाला. जेट खाली बसू लागलं. त्यांनी थ्रॉटल ढकलला, पण उशीर झाला होता. सत्यशीलानं ताबा घेऊन नाक सावरलं, तरी जेट रस्त्यावर आपटून एकदा उडालं आणि पुढच्या चाकाचा पाय वाकला.

थांबलेल्या इंजिनात ती छोटी मोटर अजून आतलं चाक फिरवत होती, आतली उष्णता बाहेर काढत होती. रामकिसन वाकून ऐकत राहिले. "आमी बी असंच करायचो. टर्बाइन बंद केल्यावर हळूहळू फिरवत ठेवायचो. न्हाईतर दांडा वाकतो."

"मग हे तर तुमाला येतंच की," सत्यशीला म्हणाली.

"एवढंच येतं," ते हसले.

चाकाचा पाय लेथवाल्याकडून सरळ करून घेतला. सुट्टी संपायच्या आत ती आणखी एक सकाळ आली. या वेळी उतरताना जेट जरा जास्तच खाली यायला लागलं. डांबरी रस्ता अजून कुंपणापलीकडे दूर होता. रामकिसनांनी वाट पाहिली नाही. त्यांनी आधीच थ्रॉटल पुढं केला आणि इंजिनाला वेळ दिला. जेट प्लॉटिंगच्या कुंपणावरून वर उठलं आणि पुन्हा फेरीला गेलं. सत्यशीलाची बोटं रिमोटवर नुसती टेकलेली होती.

"अहो, उतरलं का न्हाई?" वत्सलाबाईंनी नळकांडं कवटाळून विचारलं.

"उतरंल," रामकिसन आकाशाकडे बघत म्हणाले. "जरा दमानं."