खोडलेली ओळ

सयाजीनं कंपनीला द्यायचा खुलासा स्वतःच लिहिला होता, पण तो वाचायचा म्हणजे चष्मा आणि देव दोन्ही आठवावे लागत. म्हणून चिंचवडहून सायकल हाणत तो थेरगावला थोरल्या बहिणीकडे आला. इंदुताई शाळेत मास्तरीण होती.

"आक्का, एवढं शुद्ध करून दे. उद्या चौकशी हाय. नोकरी ऱ्हाती का जाती, समदं ह्या कागदावर."

प्रेस मशीनची संरक्षक जाळी सयाजीनं आपल्या मनानं काढली आणि त्यापायी अकबर नावाच्या कामगाराची दोन बोटं तुटली, असा आरोप होता. सयाजीनं सरळ लिहिलं होतं: काम उरकावं म्हणून अर्जुनराव फोरमननी जाळी काढायला सांगितली, म्हणून काढली.

अर्जुनराव म्हणजे इंदुताईचे सासरे. सयाजीला कंपनीत चिकटवलं तेही त्यांनीच. आत्ता ते बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसले होते.

इंदुताईनं वाक्यं सरळ केली, 'लई'चं 'अतिशय' केलं. त्या ओळीशी आली की मात्र पेन अडायचं. सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडी घ्यायचं नाही, अशी त्या घरची रीत. पोस्टमननं विचारलं तरी ती 'आमचे मोठे' म्हणायची. आणि इथे तेच नाव लिहून साहेबाच्या टेबलावर ठेवायचं. रीत होतीच, पण खरं सांगायचं तर ती भ्याली होती. लिहावं तर याच घरात जन्म काढायचा, न लिहावं तर पाठचा भाऊ रस्त्यावर.

शेवटी तिनं ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'वरिष्ठांच्या तोंडी सूचनेवरून'. वरिष्ठ म्हटलं की साहेब काय ते समजतील, अशी मनाची समजूत घातली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे काडी धरणारी काठावर होती आणि बुडणारा दुसराच.

तिनं वळणदार अक्षरात पक्की प्रत काढली. सयाजीनं न वाचताच सही ठोकली.

"वाच की एकदा," ती म्हणाली. त्यानं वाचावं आणि आपल्याशी भांडावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

"तू लिवलंस, मग काय वाचायचं?"

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. ओट्यावर अर्जुनरावांना रामराम घालून आत येऊन बसला.

"काढलं मला," तो म्हणाला. "चौकशीत साहेबानं दोनदा इचारलं, कोण वरिष्ठ, नाव सांग. तवा म्या कागद वाचला. अर्जुनमामांचं नाव न्हाई त्यात."

"मग तोंडानं सांगायचंस की रे."

"तू एवढी शिकलेली. तू खोडलंस म्हंजी माझ्या भल्यासाठीच खोडलं असंल. म्हणून मीबी तोंड उघडलं न्हाई."

कुणाच्या भल्यासाठी खोडलं, ते तिचं तिला ठाऊक होतं.

"सूनबाई," बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, "सयाजीला जेवल्याबगर सोडू नगं."

ती उठली आणि पीठ मळायला बसली.