बाईंनी आणलेलं दूध

मी चहा बोलतोय. तुम्ही रोज आलं ठेचून उकळता तो नव्हे. तो माझा थोरला भाऊ. मी पांढरा चहा. नाव पांढरं असलं, तरी दुधाशी माझं काही नातं नाही. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

दार्जिलिंगच्या उतारावर मी कळी होतो. पान उलगडायच्या आतच मला खुडलं. अंगावर पांढरी लव होती. मला कुणी मळलं नाही, चुरडलं नाही, नुसतं सावकाश सुकवलं. इतक्या लाडात वाढलेलं लेकरू थोडं शेफारायचंच.

दिल्लीच्या बाजारात मला समतानं निवडलं. ती मूळची हिंगणघाटची, केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी, राहायला मयूर विहारला. दुकानदारानं दाखवलेल्या एका बरणीत नुसता चुरा होता, ती तिनं बाजूला सारली. माझ्या कळ्या अख्ख्या होत्या, लव शाबूत होती. वास सुक्या गवताचा, मागून जरासा मधाचा. पण हौस म्हणून तिनं मला घेतलं नाही. तिच्या वरिष्ठ देविका मॅडमच्या घरी माझ्याच एका भावंडाचा कप हातात धरून तिनं विचारलं होतं, "थोड़ा दूध मिलेगा?" आणि सगळे हसले होते. ते हसू तिच्या कानातून जाईना. आता मॅडम तिच्याकडे येणार होत्या.

मग तिनं तालीम सुरू केली. उकळतं पाणी ओतलं, मी कडवटलो. पाणी जरा निवू दिलं, मला पाण्यात निवांत राहू दिलं, तेव्हा कुठे फिकट सोनेरी रंग उतरला. तिचा चेहरा उजळला आणि मीही फुगलो.

घरात तिची आई, गंगुबाई, हिवाळ्यापुरती आली होती. हिंगणघाटला सारी वस्ती त्यांना बाई म्हणायची, म्हणून लेकही बाईच म्हणायची. बाईंनी डबा उघडून माझी लव पाहिली.

"काऊन वं समता, ह्याले तं बुरशी लागली!"

"बाई, तू ह्याला हात लावू नकोस प्लीज," समता म्हणाली.

शनिवारी मॅडम आल्या, सोबत ऑफिसातली आणखी दोघं. काचेच्या किटलीतून मी कपांत उतरलो. मॅडमनी वास घेतला, घोट घेतला, "वाह, बिल्कुल परफेक्ट!" म्हणाल्या. मी हवेत होतो.

बाई चकल्यांची ताटली घेऊन आल्या आणि कप पाहून दारातच थबकल्या. कोरा चहा! त्यांच्या लहानपणी वरच्या आळीत कामाला गेलं, की ओसरीखाली बसवून कान तुटलेल्या कपात कोरा चहा मिळायचा, वरून ओतलेला. दूध आतल्या माणसांसाठी. आपल्या दारातून कुणी कोरा चहा पिऊन जाणार नाही, हे बाईंनी तेव्हाच ठरवलं होतं. समताला ही गोष्ट तोंडपाठ होती.

फ्रिजमधलं दूध सकाळीच विरजणाला गेलेलं. पोरगी लाजेनं बोलत नसणार, असं समजून बाई दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले उतरल्या आणि धापा टाकत परतल्या. हातात दुधाची पिशवी, पायात स्लिपर.

"रुको जी, पिओ मत! दूध लाया मैं!"

"बाई, अगं राहू दे!" समता ओरडली.

मॅडम कौतुकानं हसल्या. "अच्छा, ये आपकी बाई हैं? कितनी केयरिंग हैं! मुंबई में हमारे यहाँ भी बिल्कुल ऐसी ही बाई थीं। आजकल मिलती कहाँ हैं!"

एक वाक्य पुरलं असतं. समता एवढंच म्हणाली, "जी मॅडम।"

बाईंना हिंदी चांगली समजते. त्यांनी रिकामे कप उचलले, आत नेले आणि धुतले. किटलीच्या तळाशी मी होतो. तोंड लपवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई मटार सोलत होत्या. समताचे हात कणकेत, म्हणून फोन स्पीकरवर. मॅडम होत्या.

"समता, ज़रा अपनी बाई से पूछो ना, हमारे यहाँ भी काम करेंगी क्या?"

बाईंची बोटं शेंगेवर थांबली.

"मॅडम, वो मेरी माँ हैं। मैं माँ को बाई बुलाती हूँ।"

पलीकडून, "ओह... आय ॲम सो सॉरी। पर कल बताया क्यों नहीं?"

फोन बंद झाला. "आई," ती म्हणाली, जन्मात पहिल्यांदा.

"आई काऊन म्हणतं? बाईच म्हण. त्या शब्दाचा काय दोष वं?" बाईंनी पुढची शेंग घेतली. "चहा ठेव."

समतानं हात धुतले आणि माझाच डबा काढला. "दूध घालू?" तिनं खाली पाहत विचारलं.

"घाल."

माझा रंग गेला, वास गेला. जन्मभर ज्याला अपमान समजत आलो, तो झाला, आणि त्याचं काहीच वाटलं नाही. लाज वाटली ती शनिवारच्या त्या "वाह"ची. दोघी एकमेकींकडे न बघता मला पीत होत्या.

डबा अजून अर्धा आहे. मला घरी आणलंत, तर पाणी जरूर निवू द्या. पण कुणी दुधाची पिशवी घेऊन धापा टाकत दारात उभं राहिलं, तर माझी चव नंतर सांगा. आधी ती कोण आहे, ते सांगा.