शुद्धीतला माणूस

कापडवाल्या शेठची एकच अट होती: नशा करणारा नको. पैसे देऊन बोलावलेला सोबती असला म्हणून काय झालं, माणूस शुद्धीत हवा. दर बुधवारी दुपारी दुकान बंद करून ते वरच्या खोलीत यायचे आणि आधी त्याला खिडकीपाशी उभं करायचे. कापड उजेडात धरून वीण तपासावी, तसे त्याचे डोळे तपासायचे.

तो दरवेळी पास! तिशी उलटलेला, धंद्यात मुरलेला गडी. जिना चढण्याआधी नशेची अर्धी गोळी जिभेखाली ठेवणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. मग शेठ बायकोच्या आठवणीने रडले काय, तेच ते विनोद सांगत बसले काय, त्याला काही म्हणता काही लागत नसे. तो हसायचा, पाठीवरून हात फिरवायचा. शेठ म्हणायचे, "बघ, शुद्धीतल्या माणसाचा हात लगेच कळतो!"

या बुधवारी गोळी घरीच राहिली. त्याला उशीचा कुबट वास आला. विनोद संपला तरी हसू आलं नाही, आणि शेठचा हात लागताच अंग आकसलं.

शेठ ताडकन उठून बसले. "आज काहीतरी घेऊन आलायस ना? खोटं बोलू नकोस. माझ्या नजरेतून धागासुद्धा सुटत नाही."

वाद घालावा असंही त्याला वाटलं नाही.

"चुकलो, शेठ," शर्टाची बटणं लावत तो म्हणाला. "पुढच्या बुधवारी शुद्धीत येईन."