धुतलेले ग्लास

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या विद्यापीठाच्या मैदानावर त्या दिवशी कृषी मेळावा होता. ठिबकवाले, खतवाले आणि ट्रॅक्टरवाले आपापल्या स्टॉलवर जांभया देत बसले होते, कारण सगळी गर्दी एकाच टेबलाभोवती लोटली होती. मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून ते खुर्च्यांवर चढले. खुर्च्यांवरच्यांना दिसत नव्हतं म्हणून मोबाइल वर धरले गेले. टेबलामागे डॉ. वीरधवल सर उभे होते. समोर ओळीने काचेचे ग्लास मांडलेले. ग्लासांचे तळ जरा धूसर, पांढुरके होते. आमच्या भागात बोअरच्या पाण्याने घरोघरी ग्लास तसेच होतात, त्यामुळे त्याकडे कुणी दोनदा पाहिलं नाही.

"शेतकरी बांधवांनो," सर माइकमध्ये म्हणाले, "जमीन आपली आई आहे. आईला ताप आला की आपण थर्मामीटर लावतो. मग मातीचा थर्मामीटर कुठला? हळद! आपल्या सांगलीची हळद! नवरीला लावतो, देवाला वाहतो, जखमेवर दाबतो. हळद कधी खोटं बोलत नाही!"

त्यांनी मीठ फुटलेल्या क्षारपड रानातली माती पाण्यात घोळवून गाळलेलं पाणी एका ग्लासात ओतलं आणि वर चिमूटभर हळद टाकली. पाणी लालभडक झालं. बायकांनी तोंडाला पदर लावला.

"ही आईची वेदना," सर हळू आवाजात म्हणाले. मग खिशातून एक छोटी बाटली काढून त्यांनी डोळे मिटले. बाटलीवर 'क्षारांतक' असं नाव होतं. औंधला यमाईच्या डोंगरावर मिळणाऱ्या वनस्पतींपासून ते स्वतः हा अर्क काढतात, असं सर सांगत. चार थेंब पडले आणि लाल पाणी पिवळं झालं. मीठ गेलं, जमीन बरी झाली. टाळ्या थांबेचनात. पहिल्या रांगेतले जोतीराम नावाचे लष्करातून निवृत्त झालेले हवालदार उठले आणि त्यांनी सरांचे पाय धरले. त्यांचं वाळव्याकडचं निम्मं रान मिठाने पांढरं पडलेलं होतं, आणि त्यांची मुलगी सरांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होती.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझं नाव शरयू, मूळची वाईची, रसायनशास्त्र शिकवते. स्वभावाने खडूस आहे असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे. बहुधा म्हणूनच मला विद्यापीठाच्या संशोधन सचोटी समितीची सचिव केलं होतं. संशोधनात कुणी लबाडी केल्याची तक्रार आली तर ती तपासायची, हे या समितीचं काम. स्थापनेपासून आमच्याकडे एकही तक्रार आली नव्हती. कुलगुरू दर भाषणात हे विद्यापीठाच्या शुद्धतेचं लक्षण म्हणून सांगत. समिती कुठे बसते हे कुणालाच माहीत नाही, हे मात्र ते सांगायचे राहून जाई.

मेळाव्यानंतर काही दिवसांनी एक मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, समिती म्हणजे तुम्हीच ना?"

"समितीचा एक पाय. ये, बस."

ती जोतीरामांची मुलगी क्रांती होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती बोलू लागली. क्षारांतक टाकण्याआधी आणि टाकल्यावर पाण्यात किती क्षार आहेत हे मीटरने मोजायचं, एवढं तिचं काम होतं. आकडा दोन्ही वेळेला तोच येत होता.

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, मीटर बिघडलाय. नवा आणला, तर तोही तेच दाखवायला लागला. मग म्हणाले, तुझ्या हाताला गुण नाही."

"हे त्यांनी प्रयोगशाळेत सांगितलं?"

"हो मॅडम. आणि म्हणाले, प्रबंधात मीटरचे आकडे घालायचेच नाहीत. हळदीचे फोटो घालायचे. त्यांच्या शोधनिबंधातही फोटोच आहेत." तिने ओढणीचं टोक सोडलं. "आणखी एक आहे. माझ्या हातून पाणी लालच होत नाही. आमच्याच रानातली माती, तीच हळद, पण पिवळं ते पिवळंच. सरांच्या हातून दर वेळी लाल होतं."

"ग्लास कुणाचे?"

"सरांचे. ते कपाटात कुलूप लावून ठेवतात. मी आपले प्रयोगशाळेतले वापरते."

मी पुढे काही विचारलं नाही, पण तिला उठूही दिलं नाही. तिला काय वाटतंय ते मला दिसत होतं. तक्रार खोटी ठरली तर नोंदणी रद्द होणार आणि इतक्या वर्षांचं शिक्षण वाया जाणार. आणि घरी तिचे वडील, आप्पा, सरांना देव मानत होते. ती म्हणाली, "नोंदणीचं एक वेळ सोसेन मॅडम. पण आप्पा माझ्याशी बोलायचे बंद होतील."

समितीचे अध्यक्ष अण्णा. निवृत्तीला आलेले, भले गृहस्थ, आणि कुठलाही निर्णय घ्यायची वेळ आली की चहा मागवणारे. क्रांतीने तरीही लिहून दिलेली तक्रार वाचून त्यांनी चहा मागवला.

"शरयूताई, हे घरातलं प्रकरण आहे. घरातच मिटवू."

विद्यापीठाला घर म्हणायला लागले की मुलींनी गप्प बसायचं असतं, एवढं मला वाईला असल्यापासून माहीत आहे. मी म्हटलं, "अण्णा, घरात मिटवायचं असेल तर आधी पाटी काढू या समितीची. तीही तशी कुणाला दिसत नाही."

तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं असा नियम होता. दुपारी कँटीनच्या धनाजीने मला चहा देताना विचारलं, "मॅडम, क्रांतीताईचं काय ठरलं म्हणं?" संध्याकाळपर्यंत सरांचं निवेदन आलं. विद्यार्थिनी मानसिक ताणाखाली आहे, तिच्या हाताला गुण नाही, आणि कुणीतरी मत्सरी व्यक्ती तिला फूस लावत आहे. मत्सरी व्यक्ती म्हणजे मी. मला राग आला आणि तो मी लपवला नाही. पण रागावर चौकशी चालत नाही. म्हणून मी समितीपुढे एवढंच मांडलं, की क्रांती खरं बोलते असं धरायचं नाही आणि सर खोटं बोलतात असंही धरायचं नाही. माती जोतीरामांच्या रानातली, अण्णांच्या आणि माझ्या डोळ्यांदेखत काढलेली. हळद सरांची, बाटली सरांची, हातही सरांचाच. फक्त ग्लास आपले.

"ग्लासांचं काय एवढं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. धुतलेले असावेत."

सुनावणी प्रयोगशाळेत झाली. सरांनी साक्षीदार म्हणून कुणाला आणावं, तर जोतीरामांनाच. पांढरा शर्ट, छातीवर लष्करातली फीत, आणि मुलीकडे पाठ करून बसलेले. ते सुरुवातीलाच म्हणाले, "आवं मॅडम, ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. लाल व्हतं, पिवळं झालं. सरांनी हिला शिकिवली आन् ही सरांवरच उलटली. मला लाज वाटती."

क्रांतीने मान खाली घातली. तिची लेखणी कागदावर एकाच जागी फिरत राहिली.

सर पुढे आले. त्यांनी मातीचं पाणी आमच्या ग्लासात ओतलं, हळद टाकली, डोळे मिटले. आम्ही सगळे ग्लासाकडे बघत राहिलो. पाणी पिवळंच राहिलं.

सरांनी आणखी हळद टाकली. पाणी आणखी पिवळं झालं.

"सर," मी विचारलं, "क्षारांतक अजून टाकलेलं नाही. मग जमीन आताच बरी म्हणायची का?"

जोतीराम खुर्चीतल्या खुर्चीत हलले. ज्या रानात गवताची काडी उगवत नव्हती, तेच रान सरांच्या हळदीने निरोगी ठरवलं होतं.

"इथल्या वातावरणात संशय आहे," सर म्हणाले. "वनस्पतींना संशय कळतो."

हे तुमच्या शोधनिबंधात कुठल्या पानावर आहे, असं मी विचारलं. अण्णांनी पंखा वाढवायला सांगितला.

"आणि हे ग्लास चालणार नाहीत," सर पुढे म्हणाले. "माझे ग्लास संस्कारित आहेत. प्रयोग त्यांच्यातच होतो."

"मग आणा की."

सरांचे ग्लास आले. तोच धूसर तळ. सर मातीच्या पाण्याकडे हात नेणार इतक्यात मी अण्णांसमोरची पिण्याच्या पाण्याची सीलबंद बाटली उचलली, फोडली, आणि ते पाणी सरांच्या ग्लासात ओतलं. वर चिमूटभर हळद.

पाणी लालभडक झालं.

पिण्याच्या पाण्याला आईची वेदना झाली होती.

"जोतीरामदादा," मी म्हटलं, "तंबाखू खाता ना?"

"कवातरी."

"चुन्याची डबी द्या जरा. नाही, माझ्याकडे नको. तुम्हीच या. आमच्या धुतलेल्या ग्लासात बोटभर चुना लावा, पाणी ओता, हळद टाका."

ते उठले. सैन्यात शिकलेल्या शिस्तीने त्यांनी सगळं नेमकं केलं. पाणी त्यांच्या हातातच लाल झालं. त्यांनी तो सरांच्या ग्लासाशेजारी धरून पाहिला; दोन्हींच्या तळाशी तोच पांढुरका थर होता.

"ह्ये तर कुंकू," ते हळूच म्हणाले. "आमची म्हातारी घरात असंच करायची. हळद आन् चुना."

धनाजीकडून लिंबू मागवलं. जोतीरामांनीच पिळलं. लाल पाणी पिवळं झालं. क्षारांतकाच्या बाटलीला सरबताचा वास का येतो, हे अण्णांनी त्या दिवशी प्रथमच विचारलं.

मग क्रांती उठली. मी सांगितलेलं नव्हतं. तिने एका धुतलेल्या ग्लासात मूठभर मीठ टाकून ढवळलं आणि त्यात हळद टाकली. पिवळं. "हळदीला चुना कळतो, लिंबू कळतं," ती म्हणाली. "मीठ तिला दिसतच नाही." तिने आपल्या रानातल्या मातीचं पाणी दोन वाट्यांत घेतलं, एकीत सरांच्या हातून क्षारांतक घालून घेतलं, आणि दोन्ही वाट्या बर्नरवर ठेवल्या. पाणी आटल्यावर दोन्हींच्या तळाला पांढरा थर उरला. जोतीरामांनी दोन्हींत बोट बुडवून जिभेला लावलं. क्षारांतकाच्या वाटीची चव जरा आंबट होती, पण मीठ दोन्हीकडे होतं.

सर तेवढ्यात एका तातडीच्या बैठकीला निघून गेले. ती बैठक कुठे होती हे चौकशीत अखेरपर्यंत समजलं नाही.

पुढचं सगळं रीतीने झालं. शोधनिबंध मागे घेतला गेला. सरांकडचे विद्यार्थी काढून घेतले आणि त्यांच्यावर पुढची कारवाई सुरू झाली. क्रांतीला दुसरे मार्गदर्शक मिळाले, आणि तक्रार केली म्हणून तिला कुणी त्रास देणार नाही असं समितीने लेखी ठरवून घेतलं. कुलगुरूंनी भाषणात वाक्य बदललं. आता ते आमची समिती किती जागरूक आहे ते सांगतात.

पण मला आठवतो तो प्रयोगशाळेबाहेरचा व्हरांडा. जोतीराम चुन्याची डबी हातात घेऊन उभे होते, उघडत होते, बंद करत होते.

"पोरी, आधी मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं व्हतं आप्पा. मेळाव्याच्या दिवशीच. तुमी टाळ्या वाजवत हुता."

डबी खिशात टाकून त्यांनी तिच्या खांद्यावरची पिशवी स्वतःकडे घेतली. थोड्या वेळाने मला विचारलं, "मग रान सुधारायचं कसं वो?" मी सांगितलं, चर काढायचे, मिठाचं पाणी बाहेर काढायचं, पाणी बेताने द्यायचं, माती तपासत राहायचं, आणि काही वर्षं धीर धरायचा. क्रांतीचं पुढचं काम त्यावरच असणार होतं. "ह्यात टाळ्या वाजवण्यासारखं काय न्हाई," जोतीराम म्हणाले. नव्हतंच.

वाचकहो, कोट घातलेला बुवा हाही बुवाच असतो. त्याच्यामागे पदवी असेल, छापलेला निबंध असेल, विद्यापीठाचं बोधचिन्ह असेल. फक्त एकाच्याच हातून होणारा चमत्कार दिसला तर तो दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्या भांड्यात करून बघायला सांगा. खरं असेल तर होईल. आणि जो कुणी हे विचारायला उभा राहील, मग तो विद्यार्थी असो की तुमची स्वतःची लेक, त्याचं म्हणणं टाळ्या थांबवून ऐका.

यंदाच्या मेळाव्यात एका कंपनीच्या माणसाने टेबलावर ग्लास मांडले आणि बाटलीचं बूच काढलं. पहिल्या रांगेतून जोतीराम उठले.

"थांबा वाईच," ते म्हणाले. "आधी ग्लास धुवून आणा."