गोणीवाला बाहुला

आमचे हे, मानसिंग, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात जन्मभर पाठीवर गोण्या वाहून आज रिटायर होत होते. त्याच पाठीवर आमचं सानपाड्याचं घर उभं राहिलं. निरोपाची भेट म्हणून त्यांचा छोटा पुतळा ऑर्डर देऊन करून घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून मी भंगारातला पैलवान बाहुला आणला, एम-सीलच्या मिशा लावल्या, नेलपॉलिशनं रंगवला आणि पाठीवर गोणपाटाची गोणी दिली. पण मेला उभाच राहीना. गोणी दिली की उताणा! संध्याकाळी पाहुणे यायचे होते, आणि तेवढ्यात हेच अंघोळ करून समोर आले.

"हा मी व्हय?" त्यांनी मिशी चाचपली. "अगं, पाठ ताठ ठेवलीस, म्हणून पडतोय. गोणीखाली माणूस वाकतो."

"ठाऊक आहे. रोज बघत आले. एकदा तरी तुमाला ताठ बघायचं होतं."

मग त्यांनी हलकेच गोणी काढून ठेवली. बाहुला उभा राहिला.

"आता कशाला पायजे गोणी? तुझी बोटं बघ किती चिकटलीत. आण इकडं."

खोबरेल तेल घेऊन माझी बोटं चोळत बसले. पाहुणे आले तरी सोडेनात.