दोन जावई, एक विहीर

थोरला जावई आणि धाकटा जावई, दोघांचाही धंदा टँकरने पाणी पुरवण्याचा. दोघांचंही पाणी सासूबाईंच्या विहिरीचं. ते गिऱ्हाइकांना सांगायची गरज दोघांनाही कधी वाटली नाही. थोरल्याने टँकरवर 'अमृत' रंगवून घेतलं, तर आठवड्याच्या आत धाकट्याच्या टँकरवर 'महाअमृत' आलं.

अमृताचा भाव मात्र रोज उतरत होता. एकाने थोडा कमी केला की दुसरा त्याहून कमी करी. या चढाओढीत थोरल्याकडे शेवटी एकच मोठं गिऱ्हाईक उरलं, एक सात मजली इमारत. तेही गेलं तर टँकर विकायचा, असं बायकोने साफ सांगून ठेवलं होतं.

धाकटा तिथेही घिरट्या घालू लागला, तेव्हा थोरल्याने जीभ सैल सोडली. इमारतीच्या अध्यक्षबाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, घरच्यासारख्या आहात म्हणून सांगतो. त्याच्या विहिरीच्या पाण्याने केस जातात. मूठमूठ!"

बाईंचा हात आपसूक डोक्याकडे गेला. तिथे आधीच फारसं काही उरलं नव्हतं.

"चला, मला विहीर बघायचीय."

"कुठली?"

"दोन्ही. आधी तुमची."

नाही म्हणायची सोय नव्हती. टँकरमध्ये शेजारी बसवून थोरला त्यांना घेऊन गेला. विहिरीवर धाकट्याचा टँकर भरत होता. सासूबाई पंपाशेजारी न्हालेले केस वाळवत बसल्या होत्या. सत्तरी उलटली तरी केस कमरेखाली.

"या जावईबापू! आज पाहुण्या आणल्यात?"

अध्यक्षबाईंनी धाकट्याला विचारलं, "ही यांची विहीर. मग तुमची कुठाय?"

"माझीही हीच. दुसरी कुठून आणू? आम्हा दोघांना सासूबाई एकच मिळाल्या."

मग बाईंनी केसांची गोष्ट सासूबाईंना जशीच्या तशी सांगितली. सासूबाईंनी केस पिळून अंबाडा घातला आणि थोरल्याला म्हणाल्या, "पाणी वाईट आहे ना? मग उद्यापासून येऊ नका."

"आई, पोटावर पाय देताय!"

"पोटावर कुठे? जिभेवर देतेय."

थोरला रिकामा टँकर घेऊन फाटकाबाहेर पडला. अध्यक्षबाई धाकट्याकडे वळल्या. "आता तुम्हीच येत जा. दर कालचाच ना?"

धाकट्याने सावकाश पाइप गुंडाळला.

"ताई, काल आम्ही दोघं होतो."